डाव्या स्पीकरची जबानी

शनिवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी मधल्या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारण्यात आले, "या रेकॉर्डमध्ये वाद्यं किती?" त्याने डोळे मिटून ऐकले आणि उत्तर दिले, "तीन." बरोबर उत्तर चार होते. खोलीत हशा पिकला. तो माणूस उठला, दाराशी जाऊन त्याने चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. पुन्हा तो त्या घरात आला नाही.

मित्रांनो, चौथे वाद्य त्याला ऐकू का आले नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होते. ते माझ्यामुळे ऐकू आले नाही. मी त्या घरातला जुना लाकडी स्पीकर, जोडीतला डावा. लोक मला बोलका समजतात. पण माझ्या तोंडून जे बाहेर पडते ते सगळे दुसऱ्याचे असते. स्वतःचा एक शब्द मला कधी उच्चारता आला नाही. म्हणून ही जबानी इतकी उशिरा देतो आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. एकच फळी मधोमध चिरून त्याने आम्हा दोघांच्या पेट्या केल्या. माझ्या अंगावरच्या रेषा उजव्याच्या अंगावरच्या रेषांना जुळतात. पेटीत त्याने कागदाचा एक शंकू बसवला. हा शंकू पुढेमागे हलतो, हवा ढकलतो, आणि त्या हलण्यालाच तुम्ही गाणे म्हणता. आम्हा दोघांचे शंकू एकाच क्षणी पुढे यावे लागतात आणि एकाच क्षणी मागे जावे लागतात. दोन माणसांनी पाण्याचे पिंप उचलावे तसे हे काम आहे. एकाने उचलले आणि त्याच वेळी दुसऱ्याने खाली दाबले, तर पिंप जागचे हलत नाही.

ही चूक होऊ नये म्हणून आमच्या पाठीवर दोन-दोन पितळी स्क्रू आहेत. एकाभोवती लाल ठिपका, दुसऱ्याभोवती काळा. हे ठिपके सुताराच्या मुलीने बारीक ब्रशने दिले. सुतार तिला म्हणाला होता, "नीट दे गं. हा ठिपका चुकला की दोघे सख्खे भाऊ एका घरात राहून जन्मभर एकमेकांच्या विरुद्ध बोलतील."

पुढची अकरा वर्षे आम्ही एका नृत्यशाळेत काढली. तिथे आमचे कौतुक होते. रोज सकाळी फडके फिरे, आमच्या डोक्यावर कोणी पाण्याचा पेला ठेवला तर नृत्याच्या बाई ओरडत. मग नृत्यशाळा बंद पडली आणि आम्ही एका दुकानाच्या माळ्यावर गोणपाटाखाली गेलो. पाच वर्षे. उंदरांनी माझ्या तोंडावरचे कापड कुरतडले. त्या पाच वर्षांबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथे मी निदान कोणाचे वाईट केले नाही.

आम्हाला माळ्यावरून उतरवले ते नानांनी. नाना चौतीस वर्षे टेलिफोनच्या तारा जोडत होते. खांबावर चढून, खड्ड्यात उतरून, भर उन्हात. निवृत्त झाले आणि घरात बसून कंटाळले. त्यांचे तीन जुने मित्र संध्याकाळी गप्पांना येत. एके दिवशी नाना म्हणाले, "रोज तेच ते बोलतो आपण. माझी गुडघेदुखी, तुझी जावई-निंदा. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा गप्प बसून चांगलं काहीतरी ऐकू या."

"गप्प? तुम्ही?" आतून वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे नानांच्या पत्नी. सगळे मित्र त्यांना याच नावाने हाक मारत.

असे 'शनिवार श्रवण मंडळ' सुरू झाले. सभासद चार. नाना स्वतः. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे औषधवाले म्हणत आणि ज्यांना गंभीर प्रसंगी विनोद सुचत. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई. आणि चौथे कानसेन.

कानसेन हे त्यांचे नाव नव्हते. ज्याला गाता येत नाही पण ऐकता उत्तम येते, त्याला कानसेन म्हणतात. हे गृहस्थ पियानो जुळवून देत. शाळेचा पियानो, सभागृहाचा पियानो, दहा-बारा घरांतले पियानो. प्रत्येक तार किल्लीने केसभर पिळायची, ऐकायची, पुन्हा पिळायची. कान हेच त्यांचे हत्यार आणि कान हीच त्यांची भाकरी. ते आणि नाना शाळेत एका बाकावर बसत. नानांनी शाळेत खाल्लेल्या निम्म्या छड्या कानसेनांच्या वाट्याच्या होत्या, असे नाना अभिमानाने सांगत.

मंडळाचे नियम बाईंनी सुंदर अक्षरात लिहून भिंतीवर लावले. जमायचे चार वाजता. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही. ज्याने रेकॉर्ड आणली असेल त्याने मधल्या खुर्चीत बसायचे आणि आधी त्यानेच मत द्यायचे. या मधल्या खुर्चीची जागा नानांनी टेप लावून ठरवली होती. माझ्यापासून जितकी दूर, तितकीच उजव्यापासून. खुर्चीच्या चारही पायांभोवती त्यांनी जमिनीवर खडूने खुणा केल्या. "या जागेइतकं चांगलं खोलीत दुसरीकडे कुठेही ऐकू येणार नाही," ते म्हणाले. ते खरे असायला हवे होते.

आता ती गोष्ट सांगतो. माझी जागा अंधाऱ्या कोपऱ्यात होती, तोंड खोलीकडे आणि पाठ कपाटाआड. नानांनी हात आत घालून, चाचपडत माझ्या स्क्रूंना तारा लावल्या. औषधवाले वाकून बघत होते.

"नाना, लाल-काळं बघून लावताय ना? टॉर्च देऊ?"

"चौतीस वर्षं तारा जोडल्यात मी. फोनची कुठलीही तार कुठेही लावा, आवाज येतो म्हणजे येतो. तुमच्या गोळ्यांसारखं नाही, की बाटली बदलली तर माणूस गेला."

टेलिफोनच्या बाबतीत ते बरोबर होते. फोनच्या दोन तारा उलटसुलट झाल्या तरी बोलणे ऐकू येते. चौतीस वर्षांत त्यांना एकदाही रंग बघावा लागला नव्हता. उजव्याच्या तारा त्यांनी उजेडात लावल्या, त्या योगायोगाने बरोबर लागल्या. माझ्या उलट्या लागल्या. त्या क्षणापासून उजवा पुढे येई तेव्हा मी मागे जात असे.

मित्रांनो, याचा परिणाम असा होतो. खोलीत बाजूला, एखाद्या स्पीकरजवळ बसलात तर फारसे बिघडत नाही. पण दोघांपासून अगदी सारख्या अंतरावर बसलात तर खर्जाचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. गाणारा समोर उभा वाटत नाही, त्याचा आवाज सगळ्या खोलीत धुरासारखा पसरतो. म्हणजे टेप लावून, खडूने आखून, मानाची म्हणून ठरवलेली जागा हीच त्या खोलीतली सर्वांत वाईट जागा होती.

पहिल्या शनिवारी बाई मधल्या खुर्चीत बसल्या. बाजू संपल्यावर म्हणाल्या, "किती मोकळा आवाज! भिंतीच नाहीत असं वाटतं."

"फैलाव," नाना म्हणाले. "याला फैलाव म्हणतात."

दुसऱ्या शनिवारी औषधवाल्यांनीही फैलाव ऐकला. मानाच्या खुर्चीत बसून वाईट ऐकू आले असे कोण म्हणणार? तिसऱ्या शनिवारी कानसेन बसले. बाजू संपली तरी ते काही बोलेनात.

"बोल की रे," नाना म्हणाले.

"गाणारी बाई चांगली आहे. पण तिला अंग नाही."

"म्हणजे?"

"नुसतं डोकं गातंय. छाती नाही, पोट नाही. खालून कोणीतरी जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. नाना, हे तुझे दोन डबे एकमेकांशी भांडतायत का बघ जरा."

मी त्या वेळी माझ्या सर्व शक्तीनिशी आतल्या आत थरथरलो असेन. पण यंत्र बंद होते आणि बंद यंत्रातला स्पीकर म्हणजे लाकडाचा खोका.

"भांडतायत!" औषधवाले म्हणाले. "नाना, दोघांना वेगवेगळ्या खोल्या द्या."

नाना हसले नाहीत. टॉर्च घेणे, कपाट चार बोटे सरकवणे, रंग तपासणे, एवढेच काम होते. पाच मिनिटांचे. पण तारा हा नानांचा प्रांत होता आणि तिथे चूक काढणारा त्यांचा सगळ्यात जवळचा मित्र होता. परका असता तर त्यांनी कदाचित कपाट सरकवले असते.

पुढे प्रत्येक वेळी मधल्या खुर्चीतून उठताना कानसेन तेच म्हणत. खाली काही नाही. तळ नाही. एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी, उजव्या स्पीकरजवळ स्टुलावर बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "मला तर इथून छान भरदार ऐकू येतं. त्या दिवशीचं ते घोंघों करणारं वाद्य तर पायाला लागत होतं."

"वहिनी, तो मिक्सर असेल," औषधवाले म्हणाले. सगळे हसले. कानसेन मात्र हसले नाहीत. त्यांनी मान वळवून स्टुलाकडे पाहिले. मला वाटले, आता ते उठतील, चार पावले चालतील, तिथे बसून बघतील. पण नियम नियम होता. मत मधल्या खुर्चीतून द्यायचे होते आणि कानसेन नियम पाळणारे होते.

सातव्या महिन्यात नानांची सहनशक्ती संपली. कानसेन यायच्या आधी ते औषधवाल्यांना म्हणाले, "एकदा सोक्षमोक्ष लावू. माझ्या तारा वाईट की त्याचे कान." औषधवाल्यांना गंमत हवी होती. त्यांनी एक रेकॉर्ड आणली, तिचे वेष्टन नानांना आणि बाईंना दाखवले आणि उशीखाली लपवले. नियमाने मधली खुर्ची त्यांची होती, पण त्या दिवशी तो मान त्यांनी कानसेनांना दिला. वेष्टनावर चार वाजवणाऱ्यांचा फोटो होता. चौथ्याच्या हातात माणसाच्या उंचीचे, खर्जात बोलणारे तंतुवाद्य होते.

त्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी जे घडले ते सुरुवातीला सांगितलेच आहे. ते चौथे वाद्य उजवा पुढे ढकलत होता आणि मी मागे ओढत होतो. कानसेनांपर्यंत त्यातले काही पोहोचत नव्हते. त्यांनी जे होते ते मोजले. इतर तिघांनी फोटो मोजला होता.

"चार!" औषधवाल्यांनी वेष्टन काढून नाचवले. "कानसेन, कान सर्व्हिसिंगला टाका."

"मला तर स्पष्ट ऐकू आलं," बाई म्हणाल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. उत्तर माहीत असले की सगळ्यांना स्पष्ट ऐकू येते.

नाना म्हणाले, "साठी उलटली आपली. मी चष्मा लावला, तू मान्य कर. त्यात लाज कसली?" हे ते प्रेमाने म्हणाले आणि म्हणूनच ते सर्वांत जास्त लागले. दाराशी वहिनींनी स्टुलावरून चार बोटे दाखवून काहीतरी सांगायला तोंड उघडले होते. पण त्यांना कोणी विचारले नाही.

नंतरच्या घटना मला बैठकीतल्या बोलण्यातून कळत गेल्या. तीन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "शाळेत मी मुख्याध्यापकांना फक्त इतकंच म्हटलं, की त्यांचं आता वय झालंय, यंदा दुसऱ्याला बोलवून बघा. उगाच पियानो बिघडायला नको." दोन महिन्यांनी त्या पुन्हा म्हणाल्या, "तो नवा माणूस आला होता. पियानो उघडून म्हणाला, मागच्यानं इतका उत्तम जुळवलाय की मला हात लावायची गरज नाही."

"मग? आता पुन्हा यांना बोलावणार?" वहिनींनी विचारले.

"नाही, म्हणजे… नव्या माणसाला वर्षाचं काम देऊन झालं होतं."

नानांनी रेकॉर्डवर सुई ठेवली. नियमाप्रमाणे बाजू संपेपर्यंत बोलायचे नव्हते.

शाळेने बदलले म्हणून सभागृहाने बदलले. गाव लहान असो की मोठे, अशी बातमी पायीच जाते पण सगळ्यांच्या आधी पोहोचते. मग एके शनिवारी औषधवाल्यांनी सांगितले, "दुकानात आला होता. कानात घालायचं औषध मागत होता. म्हणाला, घरोघरचे पियानो जुळवायचंही सोडलंय. एक तार चारचारदा तपासतो, तरी कानांची खात्री वाटत नाही म्हणे."

"तुम्ही काय म्हणालात?" नानांनी विचारले.

"काय म्हणणार? बाटलीवरचं वाचून दाखवलं. दिवसातून दोनदा, तीन थेंब." या वेळी त्यांना विनोद सुचला नाही.

मित्रांनो, मी तेव्हा मंडळाच्या लाडाचा होतो. माझ्या तोंडावर नवे कापड लावले होते, दर शुक्रवारी माझी धूळ पुसली जाई. नृत्यशाळेनंतर एवढी निगा माझी कोणी राखली नव्हती. एका माणसाचा कान त्याच्यापासून तोडण्याच्या बदल्यात मला ते मिळत होते.

पुढच्या वर्षी घराला रंग द्यायचा निघाला. कपाट हलले, तारा निघाल्या, आम्ही दोघे चार दिवस चादरीखाली होतो. पाचव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, नाना बाजारात गेले असताना वहिनींनी खोली लावली. माझ्या पाठीकडे बसून त्यांनी तारा हातात घेतल्या, उजेडाकडे धरल्या आणि लालला लाल, काळ्याला काळी जोडली. शर्टाला तुटलेले बटण लावताना त्याच रंगाचा दोरा घ्यावा, इतक्या सहज. त्यांना त्यात काही विशेष केल्यासारखे वाटले नाही.

अकरा वाजता नाना आले. रेकॉर्ड लावून मधल्या खुर्चीत बसले. गाणारी त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. छाती, पोट, सगळ्यासकट. नाना ताठ झाले. त्यांनी उठून दुसरी रेकॉर्ड लावली, मग ती चार वाद्यांची. खर्जाचे वाद्य खुर्चीच्या पायांतून चढत त्यांच्या पाठीपर्यंत आले. ती बाजू त्यांनी तीनदा ऐकली. मग टॉर्च घेऊन माझ्या पाठीमागे गुडघे टेकून बसले. लाल ठिपक्याशी लाल तार होती.

"तारा कोणी लावल्या?"

"मी. का, चुकल्या?"

नानांनी टॉर्च बंद केला.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. समोर रेकॉर्ड फिरत होती. त्यांनी ऐकले, नानांच्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांना समजले. "म्हणजे भावजी बरोबर होते."

"नव्या रंगानंसुद्धा फरक पडतो. भिंती गुळगुळीत झाल्या की…"

"भिंतींना कान असतात हे ऐकलं होतं. जीभही असते हे आज कळलं." त्या खाली बसल्या. "आत्ता जा आणि त्यांना सांगा. जेवण नंतर करा."

"सांगतो. शनिवारी बोलावू या."

"शनिवारी कशाला? आज पाय मोडलेत का?"

"अगं, सगळ्यांच्या समोर सांगायला पाहिजे. नीट." नानांचा आवाज त्या वेळी माझ्यासारखाच पोकळ होता. मला तो आवाज ओळखता येतो.

शनिवारी दुपारी साडेतीनला नाना खोलीत एकटे होते. ते कपाटाशी आले, हात आत घातला, दोन्ही स्क्रू सैल केले आणि माझ्या तारा पुन्हा उलट्या केल्या. पहिल्या वेळी त्यांनी न बघता जोडल्या होत्या. या वेळी टॉर्च लावून जोडल्या. चार वाजता सभासद आले. कानसेनांना बोलावणे गेलेच नव्हते. बाई मधल्या खुर्चीत बसल्या. बाजू संपल्यावर म्हणाल्या, "फैलाव तोच आहे."

त्या दिवशी वहिनी स्टुलावर बसल्या नाहीत. दारात उभ्या राहून त्यांनी तो फैलाव ऐकला आणि मग आत निघून गेल्या. सगळे गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्हाला चूक कबूल करायची लाज वाटते. ते चाललं असतं."

सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी माझ्या तारा सोडल्या, मला बाजाराच्या चाकांच्या पिशवीत घातले आणि पायरीपायरीने जिना उतरवला. उजव्याला त्यांनी नेले नाही. दोघांचे ओझे त्यांना झेपले नसते. आम्ही एका पोटातून नव्हे, एका फळीतून निघालेले भाऊ. त्या दिवसापासून तो मला भेटलेला नाही.

कानसेनांचे घर चौथ्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आहे. खोलीत एक पियानो आहे आणि त्याच्यावर कपड्यांच्या घड्या होत्या. वहिनींनी मला टेबलावर ठेवले आणि सगळे सांगितले. तार, रंग, खुर्ची, गुरुवार, शनिवार. कानसेन ऐकत होते. मधून मधून डाव्या कानामागे तळवा धरत होते. पूर्वी ते असे करत नसत.

मग ते उठले. त्यांच्याकडे एक जुना रेडिओ आहे. त्याच्या तारा त्यांनी माझ्या पाठीला लावल्या आणि बटण फिरवले. मी वाजलो. मित्रांनो, मी उत्तम वाजलो. खर्ज, मध्य, वरचे सूर, सगळे स्वच्छ. कारण माझ्यात दोष कधी नव्हताच. दोष होता तो आम्हा दोघांच्या मधे, आणि ते दाखवायला दोघे लागतात. एकटा मी साक्षीदार म्हणून कुचकामी होतो. जन्मात पहिल्यांदा मला वाईट वाजायचे होते आणि मला ते जमले नाही.

"यात काय बिघडलंय?" कानसेन म्हणाले. "चांगला वाजतोय की."

"भावजी, तो एकटा आहे म्हणून. तिथे जोडीत—"

"वहिनी, तुमचं मन मोठं आहे. पण मला लहान पोरासारखं समजावू नका."

"मी शपथेवर सांगते."

"मग तो का नाही आला?"

याचे उत्तर वहिनींजवळ होते, पण नवऱ्याबद्दल ते तोंडातून काढणे त्यांना जमले नाही. त्या म्हणाल्या, "हा इथेच राहू दे. हा नसेल तर बैठक भरणार नाही. बैठक भरली नाही तर कधी तरी त्यांना जिना चढावा लागेल."

त्यानंतर त्या एकदा येऊन गेल्या. म्हणाल्या, "बैठका बंद आहेत. ते सगळ्यांना सांगतायत, डावा स्पीकर दुरुस्तीला दिलाय."

"मग खरंच सांगतोय," कानसेन म्हणाले. त्या घरात मी ऐकलेला हा एकमेव विनोद. त्यावर दोघेही हसले नाहीत.

मी इथे आल्याला आता पाच आठवडे झाले. माझ्यावर धूळ आहे. एकदा सकाळी कानसेनांनी घड्या बाजूला करून पियानोचे झाकण उघडले, एक पट्टी दाबली, कान जवळ नेला, पुन्हा तीच पट्टी दाबली. असे वीसेक वेळा. सूर अगदी जुळलेला होता. त्यांनी झाकण लावले आणि घड्या परत ठेवल्या. मी टेबलावरून सगळे पाहत होतो. ते बरोबर आहेत हे त्यांना सांगणारे त्या खोलीत कोणी नव्हते.

आमच्यासारख्या वस्तू शेवटी मुलांना सांगतात, की आम्हाला जपा, धूळ पुसा, अंगावर पाणी सांडू नका. तसे जरूर करा. पण मी ते मागणार नाही. माझी निगा उत्तम राखली गेली होती. तुमच्यापैकी कोणी 'काहीतरी चुकतंय' असे पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर त्याच्या कानांची परीक्षा घेण्याआधी उठा आणि कपाट सरकवून बघा. पाच मिनिटे लागतात. आणि चूक सापडली तर ती त्याच दिवशी, जेवणाआधी सांगा. ती नंतर सांगू म्हणून ठेवली की तिचे दुसरे काहीतरी होते. त्याला चूक म्हणत नाहीत.

काल शनिवार होता. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी खालच्या दाराची बेल वाजली. कानसेन खिडकीपाशी, पाठ दाराकडे करून बसले होते. रेडिओ बंद होता, खोलीत शांतता होती. ते हलले नाहीत. बेल दुसऱ्यांदा वाजली नाही. ती त्यांना ऐकू आली नाही, की ऐकून ते बसून राहिले, हे मला सांगता येत नाही. खाली कोण आले होते, हेही अजून कळलेले नाही.